सिस्टरच्या जागी

"त्या बाईची माफी मागायला लावणार असाल, तर माझा राजीनामा घ्या," असं म्हणत डॉक्टर हिवरेकर अधीक्षकांसमोरची खुर्ची मागे ढकलून उठले.

सकाळी ऑपरेशन चालू असताना त्यांनी इंदुमती सिस्टरच्या अंगावर कात्री भिरकावली होती आणि तिने लेखी तक्रार दिली होती. आता एकही सिस्टर त्यांच्यासोबत थिएटरात जायला तयार नव्हती. तालुक्याच्या त्या रुग्णालयात दुसरा सर्जन नव्हता. नव्याने अधीक्षक झालेल्या डॉक्टर शर्मिष्ठाची हीच अडचण होती आणि हिवरेकरांचा सगळा तोराही त्यावरच होता. तिची खुर्ची खरं तर आपली, हे ते येताजाता ऐकवत.

तेवढ्यात अपेंडिक्स फुटलेली एक बाई आली. शर्मिष्ठा हात धुऊन थिएटरात उभी राहिली. "आज हत्यारं मी देते."

सवय मोडलेली. तिने भलताच चिमटा पुढे केला. हिवरेकरांचा हात वर गेला, हवेतच थबकला. "हा नाही, दुसरा," ते दात आवळून म्हणाले.

बाई वाचली. बाहेर येताना शर्मिष्ठा म्हणाली, "माझ्यावर हात आवरलात ना, मग इंदुमतीवरही आवरता येतो. तिची तक्रार मी दाबणार नाही. पण त्याआधी तिच्यासमोर बसा."

ते इंदुमतीसमोर बसले. भिंतीकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं."

"तक्रार मी मागे घेणार नाही, सर," इंदुमती म्हणाली. "पण उद्या ऑपरेशनला येईन."

तिच्याकडे न बघताच हिवरेकर म्हणाले, "आठला या."