तासभर गप्प

तीस वर्षं कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळणाऱ्या मिस्त्रींच्या फुप्फुसाच्या आवरणावर डाग दिसला. कॅन्सर तर नाही ना, हे पाहायला पेट स्कॅन ठरला; त्यात इंजेक्शनच्या औषधाने कॅन्सरची जागा फोटोत चमकते. इंजेक्शन दिल्यावर नर्सने बजावलं, "आता तासभर अजिबात बोलायचं नाही." स्कॅन करून बाहेर आलेले मिस्त्री बायकोला छाती फुगवून म्हणाले, "तुझी शप्पथ, चकार शब्द काढला नाही!"

दोन दिवसांनी डॉक्टरांनी फोटो पडद्यावर लावला. "छातीतला डाग साधा आहे, कॅन्सर नाही. पण घशात हे काय चमकतंय? त्या तासात बोलला असाल तर काळजी नाही, बोलण्यानेही घसा असा उजळतो. नसाल बोललात, तर तिथला तुकडा काढून तपासावा लागेल."

मिस्त्रींनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग बायकोकडे. कुणाला जास्त घाबरावं, कळेना.

"त्या तासात शेजारच्या खुर्चीत आमचा जुना फोरमन भेटला हो..."

बायकोने पदराने डोळे पुसले.


"डॉक्टर, याची एक मोठी प्रत द्या. यांचं तोंड बंद नसतं, हे चाळीस वर्षं सांगतेय. फोटो आज मिळाला!"