तेवीस दगड

माळावरच्या हजारो वर्षं जुन्या शिळावर्तुळाचा तो राखणदार. रोज दुपारी बायको डबा आणायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत दोन दगडांमधल्या मोकळ्या जागेत बसून घरातल्या कागाळ्या सांगायची. देवानं तिला नेलं, तरी चौथ्या दिवशी हा आपला कामावर हजर. डोळ्यांत टिपूस नाही. "दगडांत राहून दगडच झालाय मेला," असं सख्खी बहीण बोलली.

महिन्याभरानं पुरातत्त्व खात्याच्या बाई वर्षाच्या मोजणीला आल्या. त्यांनी दगड मोजले, चष्मा पुसला, पुन्हा मोजले.

"काका, अकरा वर्षं मी वहीत तेवीस लिहितेय. आज चोवीस कसे भरले?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. नोकरी जाईल, हे कळत होतं. त्याचंही काही वाटत नव्हतं. पण तो चोविसावा दगड उचलायला लावतील, एवढीच भीती होती.

बाई त्या मोकळ्या जागेपाशी गेल्या. तिथं गुडघाभर उंचीचा एक कोरा दगड रोवलेला होता, आणि समोर त्याचा डबा.

"काकू दिसत नाहीत आज..." त्या म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. मग त्यांनी वहीत तेवीस लिहिलं.


"रोज थोडं पाणी घालत जा, काका. शेवाळ धरलं की माझीच मोजणी चुकली म्हणतील; पुढच्या वर्षी मोजायला दुसरं कुणी येणार आहे."