रमीझच्या नावाची शिष्यवृत्ती

नाझनीनचं लग्न झालं ते साल २०२५. मांडव उतरताच तिची आई वजीरा मुकादम वेंगुर्ल्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत येऊन बसली. रमीझच्या नावाने विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची, म्हणाली. रमीझ तिचा मुलगा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना गेला.

संस्थेचे अध्यक्ष भाई निवृत्त मास्तर. नावाआधी कैलासवासी लावायचं की मरहूम, असं त्यांनी हळूच विचारलं.

"काहीच लावू नका. नुसतं नाव."

पैसे सुक्या मासळीच्या धंद्यातले होते. त्याबद्दल भाईंना शंका नव्हती. शंका होती ती तिच्या अटींबद्दल. मुलगा शेवटच्या वर्षाला शिक्षण सोडलेला हवा. मार्क बघायचे नाहीत. मुकादमांच्या नात्यातला चालणार नाही. बाकीच्या शिष्यवृत्त्या पहिल्या येणाऱ्याला मिळतात, फळ्यावर नाव लागतं, देणाऱ्यालाही बरं वाटतं, असं भाईंनी समजावलं. वजीराने सगळं ऐकून घेतलं आणि अटी पुन्हा पहिल्यापासून सांगितल्या.

घरी तिचा दीर नदीम चिडला. रमीझसाठी सवाब, पुण्य हवं तर मशिदीत बोअरवेल मारू, येणारा जाणारा दुवा देईल, असं त्याचं म्हणणं. शिवाय त्याची मुलगी रुमाना कॉलेजात होती.

"घरचा पोर सोडून भायरच्याक?"

"रुमानाक बापूस आसा, कमावतो," वजीरा म्हणाली.

नोटीस लागली, पण अर्ज एकही आला नाही. असा मुलगा आणायचा कुठून, भाईंनी विचारलं. एक आहे नांदगावला, ती म्हणाली, सर्वेश केळुसकर. भाई तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मुदत वाढवली. ते नाव कानावर गेलं तेव्हा नदीम भरल्या ताटावरून उठला. रुमानाला डावलल्याचा राग, असं शेजारणी म्हणाल्या.

सर्वेश रमीझचा शाळेपासूनचा सोबती. रमीझ गेल्यावर त्याने कॉलेज सोडलं आणि मामाकडे नांदगावला जाऊन हायवेवरच्या हॉटेलात काम धरलं. वजीरा एसटीने तिथे गेली. तिला पाहताच तो मागच्या दाराने विहिरीकडे निघून गेला. ती चहा पिऊन परत आली. पुढच्या खेपेला तेच झालं. त्यानंतर गेली ती थेट विहिरीकडूनच.

"दार तुकाच बदलूक येता काय रे?"

सर्वेशने कळशी खाली ठेवली. "माका नको, मावशे. माझी लायकी नाय."

"लायकीची अट मी घालूक नाय."

"लोक काय म्हणतले?"

"लोकांका मी सुको बांगडो विकतंय. त्यांच्याकडसून अक्कल विकत घेत नाय."

तो विहिरीच्या कठड्यावर बसून रडला. ती उभी राहिली. अर्जावर त्याची सही घेतल्यावरच तिने परतीची एसटी पकडली.

पहिली शिष्यवृत्ती देणाऱ्याच्या हातूनच द्यायची, हा संस्थेचा रिवाज. जानेवारीतल्या कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. नदीमही आला होता, दाराशी हाताची घडी घालून उभा. सर्वेशचं नाव पुकारलं तेव्हा टाळी वाजली नाही. तो मान खाली घालून मंचावर चढला. वजीराने पाकीट त्याच्या हातात ठेवलं, पण हात सोडला नाही.

"वर बघ," ती म्हणाली. "आता माका बघून पळा नको. परीक्षा दी."

नाझनीनच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर असताना, दर्याला नारळ वाहायच्या आधीच सर्वेशने बापाची होडी बाहेर काढली होती. रमीझ नको म्हणत होता. सर्वेशने त्याला चिडवून, हाताला धरून होडीत बसवलं. १७ ऑगस्ट २०२४ रोजी रमीझ मुकादम वेंगुर्ल्याच्या समुद्रात बुडून वारला.