खिशातला हात

गरुडाच्या दोन्ही हातांनी टेबलावरून उड्डाण केलं आणि वहिनींनी चमचा ताटलीत आदळला. कुणाचं लक्ष गेलं नाही. निवृत्त वैमानिकांच्या या वार्षिक जेवणात गरुड एकदा सांगू लागला की बाकीच्यांना ताटातल्या अन्नाची शुद्ध राहत नसे. गरुड हे नाव त्याला तरुणपणी नाकावरून पडलं होतं. आता नाकाच्या आधी पोट दिसायचं, पण नाव राहिलं. वहिनी या तिथल्या सगळ्यांच्याच वहिनी. त्यांचा नवरा लढाईत गरुडाच्या जोडीनं उडाला होता आणि परत आला नव्हता.

वैमानिक लढाईची गोष्ट हातांनी सांगतात. दोन हात म्हणजे दोन विमानं. गरुडाचे हात पाण्याच्या तांब्याला वळसा घालून नदीवरून खाली आले. मिठाची बाटली म्हणजे पूल. मग त्याचा नेहमीचा विनोद आला, की ऐन वेळी रेडिओनं मान टाकली, बायकोपेक्षाही जास्त अबोला धरला. सगळे हसले. हात दोन्ही बाजूंना डुलले, एकमेकांच्या जागी सरकले, आणि डावा हात कोटाच्या खिशात गेला.

दर वर्षी वहिनी इथंच उठायच्या आणि बाहेर कोट टांगलेल्या खोलीत जाऊन उभ्या राहायच्या. मंडळी म्हणायची, बिचाऱ्यांना आठवण सोसत नाही. आठवण कसली डोंबलाची! त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वापरलेला रुमाल ठेवावा तसा हा माणूस त्यांच्या नवऱ्याला खिशात कोंबत होता आणि पुढची सगळी मर्दुमकी एकट्या उजव्या हातानं गाजवायला मोकळा होत होता. नवऱ्याचं साधं नावसुद्धा त्याच्या तोंडून निघत नसे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याला.

घरी आलं होतं ते दोन ओळींचं पत्र. कामगिरीवर असताना बेपत्ता. कसली कामगिरी, याबद्दल अक्षर नाही. मुलगी त्यानंतर जन्माला आली. तुझे बाबा शूर होते, एवढ्या एका वाक्यावर वहिनींनी तिला वाढवलं, आणि पुढचं वाक्य त्यांच्याकडे कधीच नव्हतं. आज गाडीत बसताना तीच मुलगी म्हणाली होती, आई, का जळतेस दर वर्षी? काका पुढे गेले, बाबा मागे राहिले असतील. माणूस घाबरतं गं. तिनं ते मायेनं म्हटलं, म्हणून तर वहिनींना जास्त झोंबलं. आणि आता ती शेजारी बसून गरुडाच्या विनोदाला हसत होती.

म्हणून आज वहिनी उठल्या नाहीत. दात आवळून बसून राहिल्या. उजवा हात एकटाच खाली झेपावला. मिठाची बाटली आडवी झाली. हात वळला, वर चढत खांद्याच्याही वर गेला आणि तिथंच थांबला. हसणाऱ्या माणसांनी माना खाली घातल्या. समोरच्या टकल्यानं चष्मा काढून पुसला. याच्यासाठी टिपंसुद्धा गाळतात, वहिनींच्या मनात आलं, आणि त्यांचा संयम सुटला.

"भाऊजी," त्या उभ्या राहून म्हणाल्या, "तो डावा हात बाहेर काढा. त्या खिशात माझा नवरा आहे."

मग त्यांनी काही हातचं राखलं नाही. मेलेला माणूस येऊन भांडत नाही याचा तुम्ही पुरता फायदा घेतलात, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. माझी मुलगी स्वतःच्या बापाला भित्रा समजते आणि हे या खिशाचं पाप आहे, असंही म्हणाल्या. मुलीनं कोपर ओढलं, ते त्यांनी हिसडून सोडवलं.

गरुड चिडला नाही. त्यानं डावा हात काढून टेबलावर ठेवला. उजवा अजून वरच होता. तो गोंधळून मित्रांकडे पाहू लागला. शेवटी टकल्याच्या डोक्यात उजेड पडला. "अरे," तो हळूच म्हणाला, "वहिनींना माहीतच नाही."

हात डुलून एकमेकांच्या जागी सरकले, की पुढे आलेला उजवा हात म्हणजे जोडीदाराचं विमान. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, गरुड म्हणाला, त्यामुळे कुणाला सांगावं लागेल असं कधी वाटलंच नाही. गेलेल्याचं नाव जेवणाच्या टेबलावर घ्यायचं नाही, हीसुद्धा इथली रीत. ज्याचा रेडिओ मेला त्यानं पुढे राहायचं नसतं. तो पंख डुलवतो, बाजूला सरतो आणि पुढची जागा जोडीदाराला देतो. मग मागच्यानं वर घिरट्या घालत राखण करायची. त्या दिवशी मेला तो गरुडाचा रेडिओ. पूल पाडला तो जोडीदारानं, आणि धुरातून तो वर आला ते गरुडाला झालेलं त्याचं शेवटचं दर्शन.

"डाव्या हातात मी आहे, वहिनी," तो म्हणाला. "मी नुसता बघत होतो. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

मुलीनं तोंडावर हात ठेवला होता. वहिनींचा राग मात्र आलेला तसाच उभा होता, आणि आता तो कुणावर काढायचा हे त्यांना कळेना.

"मग इतकी वर्षं हे मला का नाही सांगितलंत?" त्या ओरडल्या.

"दर वर्षी तुमच्यासाठीच तर सांगतो," गरुड म्हणाला. "आणि दर वर्षी तुम्ही मध्येच उठून जाता."