टाकीखालचं तवसं

नलिनीने डाव्या हाताने गावठी काकडीच्या वेलाचं पान उचललं आणि तिला अंगठ्याएवढं तवसं दिसलं. हिरवंगार, अंगावर लव, देठाला घट्ट. तिने वाकून पुन्हा पाहिलं. गेल्या वर्षी अशीच सतरा कोवळी तवशी पिवळी पडून गळाली होती, त्यामुळे तिचा स्वतःच्या डोळ्यांवरही भरवसा उरला नव्हता.

"गंधाली, वर ये. बघ गो, लागलं."

सून पायऱ्या चढून गच्चीवर आली. अंगावर ऑफिसचे कपडे, केस अजून ओले.

आई गेल्यावर कुडाळच्या घराला कुलूप लागलं, तेव्हा नलिनीने तवशाच्या बियांची डबी तेवढी मुलुंडला आणली. दोन वर्षं पेरून पेरून त्यातल्या चार उरल्या आणि त्या चारांतला हा एकच वेल जगला. यंदाही फळ धरलं नाही, तर आईचं बी संपलं. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं, आणि बाजारातल्या काकडीला नलिनी काकडी मानतच नसे.

म्हणून तिने वेल तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. डोंगराकडून वांदर येतात, म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तंबू शिवून त्यावर चढवला होता. फुलांचं लग्नही ती स्वतःच लावायची. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि मादी फुलात अलगद फिरवायचं. मादी फूल उमलतं एकच सकाळ. नेमका गेल्या आठवड्यात तिचा उजवा हात मोडला आणि ते काम सुनेच्या गळ्यात पडलं.

"हात चांगला आहे तुझा," नलिनी म्हणाली. शाबासकी द्यायची सवय नसल्यामुळे ती तोंडातून जरा रागावल्यासारखीच निघाली.

गंधाली हसली नाही. "आई, हे मी नाही केलेलं."

"म्हणजे?"

"गुरुवारी मी मच्छरदाणी काढली, पण नर कुठलं आणि मादी कुठलं, मला कळेचना. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलत बोलत खाली गेले ती गेलेच. मच्छरदाणी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणून टाकलं. शुक्रवारपासून मात्र रोज केलं, व्हिडिओ बघून केलं, पण ती सगळी गळाली."

नलिनीने कुंडीत पाहिलं. पिवळी पडलेली चार तवशी मातीत पडली होती. तिला संताप आला, पण तो काढायचा कशावर, हेच तिला कळेना. काम चुकवलेल्या दिवसाचंच तर फळ धरलं होतं.

"मग हे लावलं कुणी?"

उचललेल्या मच्छरदाणीखाली आजचं एक फूल उमललं होतं. त्यात एक काळं चिलट घुसलं. तांदळाच्या कणीएवढं, पायांना पिवळं काहीतरी माखलेलं. ते मारायला नलिनीचा हात सवयीने वर गेला. गंधालीने तो मधेच धरला.

चिलट बाहेर आलं आणि तडक पाण्याच्या टाकीकडे गेलं. टाकीखालच्या भिंतीला एक भेग होती आणि भेगेतून पेन्सिलीएवढी काळी, मेणचट नळी बाहेर आली होती. त्या नळीत ते शिरलं. त्याच्यामागून दुसरं शिरलं, मग तिसरं. नलिनीला ही जागा चांगलीच ठाऊक होती. दोनदा तिने ती नळी खरवडून काढली होती आणि गेल्याच महिन्यात सोसायटीत लेखी तक्रार दिली होती, गच्चीच्या भिंतीत घाण आणि चिलटं.

तेवढ्यात दारातून भीमराज आला. सोसायटीची गवंडीकामं तोच करायचा. घमेल्यात कालवलेलं सिमेंट, वर थापी.

"सेक्रेटरींनी पाठवलं, काकू. ती भेग बुजवायचीय ना?" भिंतीजवळ जाऊन तो वाकला आणि थांबला. "चिलटं कुठायत ही? पोया आहेत. मधमाश्याच, पण बारक्या. चावत नाहीत. आमच्या जुन्नरकडं काकडीवाले यांना धक्कापण लावत नाहीत."

"मग तू बुजवायला कसा आलास?"

"तक्रार आहे ना, काकू. खाली सही तुमचीच आहे."

नलिनी भिंत आणि घमेलं यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. "बुजवायची नाही."

"सेक्रेटरींना काय सांगू?"

या इमारतीत चोवीस वर्षं तिने तक्रारी लिहिल्या होत्या आणि एकही मागे घेतली नव्हती.

"सांग, नलिनी परब चुकली."

गंधाली एकदम पानं न्याहाळू लागली. भीमराज घमेलं उचलून खाली गेला.

नलिनीने एका हाताने मच्छरदाणीच्या गाठी सोडल्या आणि तिचा बोळा सुनेच्या हातात दिला.

"आणि वांदर?" गंधालीने विचारलं.

"वांदरांक मी बघतंय," नलिनी म्हणाली. तिला फार बरं वाटत होतं आणि बरं वाटलं की तिच्या तोंडी मालवणी यायची.

गंधालीने वाकून तवसं पाहिलं. "याची कोशिंबीर कधी करायची?"

"हात नाही लावायचा. पहिलं बियाला. वेलावरच पिकून तांबूस होऊ दे. मग बी काढायचं आणि शेणात कालवून चुलीमागच्या भिंतीला थापायचं. वर्षभर टिकतं."

"आई, आपल्या ओट्यामागे टाइल्स आहेत."

नलिनी विचारात पडली. मग तिने टाकीखालच्या भिंतीवरून डावा हात फिरवला. भिंत खडबडीत होती, कोरडी होती.

"इथे थाप," ती सुनेला म्हणाली. "भेगेपासून हातभर सोडून."