अवलंबितांचा रकाना

"इथे नको," कारकून सिचोनेने पेन मध्येच अडवलं. "ही जागा नोकरदाराची. तुमची सही खाली, अवलंबितांच्या रकान्यात."

मॅथियस कसुबाला वाटलं, कारकुनाचंच काहीतरी चुकतंय. पत्र सकाळी त्याला जेवणाच्या ताटाशेजारी मिळालं होतं. वर लिहिलं होतं, 'कसुबा कुटुंबास'. सोलवेझीकडच्या नव्या खाणीत नोकरी लागल्याबद्दल स्थलांतराची सरकारी मदत मंजूर. सामानाला ट्रक, दोघांची बस, सुरुवातीचे तीन महिने राहायला खोली. गावातली तांब्याची खाण बंद पडून तीन वर्षं झाली होती. नव्या खाणीला त्याने चार अर्ज केले होते. एक लागला म्हणायचा. येता येता त्याने अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

"नोकरदार मीच की," तो म्हणाला.

सिचोनेने कागद त्याच्याकडे फिरवला. नाव: एस्नार्ट कसुबा. पद: डंपर चालक.

"ही माझी बायको. ती बाजारात टोमॅटो विकते."

"विकायची. एन्डोलाच्या सरकारी केंद्रात तीन महिने डंपर चालवायला शिकली. परीक्षेत दुसरी आली."

तीन महिने. एस्नार्ट बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून गेली होती. परत आल्यावर बाळ कसं आहे, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

मागे रांगेत कुणीतरी खिदळलं. "काय बा कसुबा, आता बायकोचं सामान म्हणून ट्रकात बसणार का?"

रांग हसली. कसुबाचे कान तापले. त्याने पेन खाली ठेवलं.

"तिला एकटीलाच जाऊ दे. माझं नाव खोडा."

"खोडतो. माझं काय जातंय?" सिचोने म्हणाला. "पण ह्याच नावापायी तिनं माझा अर्धा तास खाल्लाय, तेवढं सांगतो."

"कशासाठी?"

"अवलंबिताचा व्यवसाय लिहावा लागतो. मी म्हटलं, तीन वर्षं घरीच आहेत ना, 'काही नाही' लिहा. ऐकेचना. हे बघा."

कसुबाने वाकून पाहिलं. एस्नार्टचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. रकान्यात मावलं नव्हतं, बाहेर गेलं होतं. 'ड्रिलर. जमिनीखाली बावीस वर्षं.'

तो वाकलेलाच राहिला. मागचे लोक घाई करू लागले.

"असं चालत नाही, वरून अर्ज परत येईल, असं मी बजावलं," सिचोने हळू आवाजात म्हणाला. "तर म्हणते कशी, येऊ द्या परत. त्यांच्या नावापुढे 'काही नाही' लिहून मला डंपर नको. मी टोमॅटोच विकीन."

कसुबाने अवलंबितांच्या रकान्यात सही केली.