समोरची खिडकी

पाय मोडला तशी कवायतीच्या बाईंनी अंथरूणच धरलं. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तरी "आता माझं संपलं" म्हणत पडून असायच्या. बोळापलीकडच्या खिडकीत त्यांची जुनी मैत्रीण मात्र रोज सकाळी एकटीच व्यायाम करी. तोही सगळा उलटासुलटा.

शेवटी बाईंना राहवेना. "अगं, कोपर ताठ! इतकी वर्षं माझ्याबरोबर हेच शिकलीस?"

"पडल्यापडल्या सांगतेस, मला इथून काय दिसणार, कपाळ? उठून दाखव की!"

बाई तणतणत उठल्या. भिंतीच्या आधाराने खिडकीशी आल्या, एका हाताने गज धरला आणि दुसरा सरळ वर केला.

त्यानंतर समोरच्या खिडकीत एकही चूक झाली नाही.